यादीत हरवलेले हॅलोजन

केडगाव म्हटले की पुष्कळांना दौंडजवळचे रेल्वे स्टेशन आठवते. आमचे केडगाव ते नव्हे. अहिल्यानगर शहराला (२०२४ सालापर्यंतचे अहमदनगर) पुणे रस्त्यावर लागून असलेले, रेणुकामातेच्या देवळामुळे ओळखले जाणारे हे केडगाव. एकेकाळचे गाव आता शहराचे उपनगर झाले आहे. येथील नववीच्या एका वर्गात मिठाविषयी शिकवणे चालले असताना एका मुलीने विचारले, "सर, क्लोरीन विषारी वायू आहे असं तुम्हीच सांगितलं. मिठात क्लोरीन आहे असंही सांगितलं. मग आई भाजीत मीठ कशी घालते?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून उत्तर आले, "अगं, थोडंच असतं ना!"

आम्हाला त्या मुलीच्या प्रश्नापेक्षा या उत्तराने अधिक विचारात पाडले. कारण ते साफ चूक आहे. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठात साडेपस्तीस ग्रॅम क्लोरीन असतो. म्हणजे मिठाच्या वजनात सोडियम कमी आणि क्लोरीनच जास्त, शेकडा साठाहून थोडा अधिक. 'थोडंच असतं' हे कारण येथे लागू पडत नाही. मात्र हेच उत्तर नळाच्या पाण्यातील क्लोरीनबद्दल किंवा पिण्याच्या पाण्यातील फ्लुओराइडबद्दल दिले असते, तर ते अगदी बरोबर ठरले असते. कोठे रूप बदलते म्हणून पदार्थ निरुपद्रवी होतो आणि कोठे प्रमाण कमी असते म्हणून, हा फरक त्या विद्यार्थ्याला कळलेला नव्हता. दोष त्याचा नव्हता. हा फरक आपण त्याला शिकवलाच नव्हता.

या निमित्ताने आम्ही शालेय पुस्तकांतील हॅलोजनविषयक मजकूर पुन्हा एकदा एकत्र वाचला. त्याचे हे परीक्षण आहे. पुस्तकांवर टीका करणे सोपे असते आणि पुस्तक लिहिणे अवघड असते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून उणीव दाखवतानाच ती वर्गात कशी भरून काढता येईल, हेही सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पुस्तकांत काय आहे

बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नेहमीच्या वापरातील पदार्थांचा एक पाठ आहे. त्यात मीठ आहे, विरंजक चूर्ण म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे, तव्यावरचे टेफ्लॉनही आहे. निवड चांगली आहे. हे पदार्थ मुलांच्या घरातले आहेत आणि त्यांचे गुणधर्म व उपयोग नेटके सांगितले आहेत.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात आवर्तसारणीचा पाठ आहे. तेथे सतराव्या गणातील हॅलोजन कुल भेटते. सर्वांचे रेणू दोन अणूंचे असतात. फ्लुओरीन व क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू. गणात वरून खाली जाताना गुणधर्म क्रमाने बदलतात, हे थोडक्यात आणि अचूक सांगितलेले आहे.

पुढे विज्ञान शाखेला जाणारा विद्यार्थी बारावीत सोळा, सतरा आणि अठरा या गणांचा सविस्तर पाठ शिकतो. तोवर भाषा बदललेली असते. बारावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत आहे. कला आणि वाणिज्य शाखांना जाणारी मुले तेथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे बहुसंख्य मराठी मुलांच्या वाट्याला आयुष्यभरासाठी हॅलोजनचे जे ज्ञान येते, ते नववीतले काही पदार्थ आणि दहावीतल्या काही ओळी एवढेच.

या दोहोंत चूक काहीच नाही. आमची तक्रार वेगळी आहे. नववीत उपयोगांची यादी आहे आणि दहावीत गुणधर्मांचा क्रम आहे. पण या क्रमामुळेच ते उपयोग शक्य होतात, हा दुवा कोठेच नाही. शिवाय 'किती' हा प्रश्न जवळजवळ विचारलेलाच नाही. ज्या मूलद्रव्यांबाबत एका मिलिग्रॅमने औषधाचे विष होते, त्यांच्याबाबत हे मौन महाग पडते.

मूलद्रव्य आणि आयन

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. हॅलोजनच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळवण्यासाठी तो उतावीळ असतो. क्लोरीन वायू नाकात, घशात, फुप्फुसात गेला की तेथील ओलसर पेशींतील पदार्थांचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्या पेशी नष्ट करतो. मिठातला क्लोरीन असे काही करीत नाही, कारण त्याला हवा असलेला इलेक्ट्रॉन सोडियमकडून आधीच मिळालेला आहे. तो क्लोराइड आयन झाला आहे. आपल्या रक्तात, घामात आणि जठररसात हाच आयन मुबलक असतो.

इतके सांगितले की मुलांना पटते. पण येथे थांबू नये. 'हॅलोजनमध्ये सर्वांत क्रियाशील कोण?' या प्रश्नाला मुले 'फ्लुओरीन' असे बरोबर उत्तर देतात. लगेच दुसरा प्रश्न विचारावा: 'मग मिळालेला इलेक्ट्रॉन सोडायला सर्वांत नाखूष आयन कोणता?' थोड्या विचाराने उत्तर येते, 'फ्लुओराइड.' आणि सर्वांत सहज सोडणारा? 'आयोडाइड.' म्हणजे शिडी एकच आहे. मूलद्रव्ये पाहिली तर ओढण्याची ताकद वरून खाली कमी होत जाते. आयन पाहिले तर सोडण्याची तयारी वरून खाली वाढत जाते.

या एका शिडीवर हॅलोजनचा इतिहासही उभा आहे. क्लोरीन शेले याने १७७४ सालीच मिळवला होता. आयोडीन कूर्त्वा याला १८११ साली समुद्रशेवाळाच्या राखेत सापडले आणि ब्रोमीन बालार याला १८२६ साली. फ्लुओरीन मात्र १८८६ सालापर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. कारण उघड आहे. फ्लुओराइडकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेईल असा पदार्थ कोणाकडे नव्हता. आंरी म्वासाँ याने शेवटी ते काम विजेकडून करवून घेतले आणि त्यासाठी १९०६ सालचे नोबेल पारितोषिक मिळवले. विजेशिवाय, निव्वळ रासायनिक मार्गाने फ्लुओरीन मिळवायला १९८६ साल उजाडावे लागले. सनावळी पाठ करण्यापेक्षा फ्लुओरीन सर्वांत शेवटी का, हे विचारले तर तोच इतिहास रसायनशास्त्र होतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक कोडेही आहे. इलेक्ट्रॉन स्वीकारताना फ्लुओरीनचा अणू मोलमागे सुमारे ३२८ किलोजूल ऊर्जा सोडतो, तर क्लोरीनचा सुमारे ३४९. या आकड्यांवरून क्लोरीन अधिक प्रबळ वाटतो. तरी प्रत्यक्षात फ्लुओरीनच बलवान ठरतो. का? कारण फ्लुओरीनच्या रेणूतील बंध कमकुवत आहे. तो तोडायला मोलमागे सुमारे १५८ किलोजूल पुरतात, क्लोरीनला सुमारे २४२ लागतात. शिवाय फ्लुओराइड आयन लहान असल्याने पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढतात आणि त्यातून पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते. सारा हिशोब मांडला की क्रम पुन्हा जागेवर येतो. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हा धडा येथे आपोआप मिळतो.

क्रमातून निघणारे उपयोग

आता ही शिडी घेऊन उपयोगांकडे पाहू या. विस्थापन अभिक्रिया शिकवताना आपण जस्त आणि मोरचूद यांचे उदाहरण घेतो. ते चांगलेच आहे. पण हॅलोजनमध्येही विस्थापन घडते आणि ते डोळ्यांना अधिक स्पष्ट दिसते:

क्लोरीन + पोटॅशियम आयोडाइड → पोटॅशियम क्लोराइड + आयोडीन

आयोडाइडचे रंगहीन द्रावण तपकिरी होते. त्यात भाताच्या पेजेचे दोन थेंब टाकले की गडद निळा रंग येतो, कारण आयोडीन आणि स्टार्च यांची ती ओळखीची खूण आहे. उद्योगातही हाच न्याय चालतो. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात ब्रोमाइड असते. त्यात क्लोरीन सोडला की ब्रोमीन मोकळे होते.

मग पाणी शुद्ध करायला क्लोरीनच का? इलेक्ट्रॉन ओढण्यात फ्लुओरीन पुढे आहे, तर तो का नको? कारण तो इतका उतावीळ आहे की जंतूंकडे जाण्याआधी पाण्यावरच तुटून पडतो आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर काढतो. आयोडीन सौम्य आहे; जखमेवर लावायला आणि गिर्यारोहकाच्या बाटलीभर पाण्याला ते ठीक. पण गावाच्या पाण्याला ते महाग पडते आणि रोज इतके आयोडीन पोटात जाणेही बरे नव्हे. क्लोरीन मधला आहे. पाण्यात तो हायपोक्लोरस आम्ल तयार करतो, ते जंतूंना मारते, आणि तरी काही अंश पाण्यात टिकून राहून पुढच्या प्रवासात राखण करतो. 'उपयोग: पाण्याचे निर्जंतुकीकरण' या एका ओळीमागे एवढा विचार आहे. तो विचार गाळून उरलेली ओळ पाठ करण्यापलीकडे मुलाला काय करता येणार?

किती, हा प्रश्न

शहराला पाणी मुळा धरणातून येते. विळदला ते शुद्ध होते आणि वसंत टेकडीच्या टाक्यांत चढते. आसपासच्या खेड्यांत मात्र विहिरी आहेत, कूपनलिका आहेत, आणि कोरड्या वर्षी टँकर आहेत. या पाण्यात जी पांढरी पावडर टाकतात तिला खेड्यात 'टीसीएल' म्हणतात. पुस्तकातले विरंजक चूर्ण आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या गोणीतले टीसीएल एकच, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. शिक्षकाने पहिली गोष्ट सांगावी ती हीच.

दुसरी गोष्ट, ती पावडर किती टाकायची? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जंतू मारून झाल्यावर दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. 'शिल्लक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्यात गाळ, शेवाळ, सेंद्रिय घाण असेल तर क्लोरीन आधी त्यांच्यावर खर्च होतो. उरला तरच राखण. म्हणून एकच मात्रा सगळ्या पाण्यांना चालत नाही. शिवाय ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो; गोणी उघडी राहिली, दमट झाली, की तो उडून जातो.

मग मात्रा ठरवायची कशी? पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी यासाठी एक साधी पेटी तयार केली. तिचे वर्णन आजही सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत असते. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर थोड्या पाण्यात कालवून, खुणेपर्यंत पाणी भरून निवळू द्यायचे. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी घ्यायचे. निवळीचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा थेंब टाकायचे. ढवळून अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकायचे. ज्या कपात क्लोरीन शिल्लक आहे, तेथे तो आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतो आणि पाणी निळे होते. स्पष्ट निळा झालेला पहिला कप तिसरा असेल, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागेल. हा ४५५ चा विचित्र आकडा म्हणजे ब्रिटिशांचे शंभर गॅलन.

चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी आहे असे धरू या. पाणी झाले सुमारे ३७,६८० लिटर. पहिलाच कप निळा झाला तर या विहिरीला सुमारे १६६ ग्रॅम पावडर पुरते. तिसरा कप निळा झाला तर सुमारे अर्धा किलो लागते. म्हणजे तिप्पट फरक. पावडर जुनी असली तरी चाचणीत तीच पावडर वापरलेली असल्याने हिशोब आपोआप जुळतो.

या पेटीत पाहा, काय काय आहे. हॅलोजनची विस्थापन अभिक्रिया आहे. वृत्तचितीचे घनफळ आहे. त्रैराशिक आहे. आणि गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. नववी-दहावीच्या पुस्तकांतील चार वेगवेगळे पाठ एका विहिरीच्या काठावर एकत्र येतात. हे पुस्तकात नाही, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

ज्या घरांत नळाचे पाणी हौदात किंवा बॅरलमध्ये भरून दोन-तीन दिवस वापरतात, तेथील मुलांना आणखी एक प्रयोग देता येईल. पाणी आले त्या वेळी आणि नंतर दर दिवशी थोडे पाणी पांढऱ्या कपात घेऊन स्टार्च-आयोडाइडची चाचणी करावी. रंग फिका असतो, म्हणून शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याचा कप तुलनेसाठी ठेवावा. राखण करणारा क्लोरीन किती दिवस टिकतो, हे मुलांना स्वतः दिसेल. साठवलेले पाणी झाकून का ठेवायचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रमाणाचा धडा फ्लुओराइड तर अधिकच स्पष्ट शिकवते. दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड पाण्यात चालते आणि थोडे फ्लुओराइड दातांच्या कवचाला बळकटी देते. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही आपल्या मानकांची शेवटची मर्यादा. त्यापलीकडे वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि प्रमाण फारच असेल तर हाडे व सांधे ताठ होतात. आपल्या राज्यात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांनी हे भोगले आहे. येथे पाणी उकळणे कामाचे नाही. उकळल्याने पाणी आटते, फ्लुओराइड तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या नीरी संस्थेने यासाठी तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण वापरण्याची 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. 'फ्लुओराइड: दातांसाठी उपयुक्त' एवढेच पाठ केलेल्या मुलाला यातले काय कळणार?

मिठातले आयोडीन आणि आमची एक चूक

आता थोडे आमच्यासारख्या विज्ञान-प्रसारकांविषयी. पुस्तकाला नावे ठेवताना स्वतःच्या पानांकडे डोळेझाक करणे बरे नव्हे.

आयोडीनयुक्त मीठ ओळखण्याचा एक सोपा प्रयोग वर्षानुवर्षे सांगितला जातो: बटाट्याच्या कापावर मीठ टाका, लिंबू पिळा, निळे झाले तर आयोडीन आहे, नाही झाले तर नाही. आम्हीही तो वर्गात करून दाखवत आलो. कधी रंग आला, पुष्कळदा आला नाही, आणि आम्ही 'मीठ जुने असेल' म्हणून वेळ मारून नेली.

चूक मिठाची नव्हती. आपल्या मिठात आयोडीन मूलद्रव्याच्या रूपात नसते. ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात असते. आयोडाइड का वापरत नाहीत? येथे पुन्हा तीच शिडी. आयोडाइड हा इलेक्ट्रॉन सहज सोडणारा आयन. आपल्या दमट हवेत आणि उन्हात त्याचे आयोडीन होऊन उडून जाते. आयोडेटमधील आयोडीनने इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात, म्हणून ते टिकते. पण आयोडेट स्टार्चबरोबर निळा रंग देत नाही. त्यासाठी आधी त्याचे आयोडीन व्हावे लागते. लिंबातील क जीवनसत्त्व त्याचे क्षपण करते खरे, पण ते जास्त झाले तर तयार झालेल्या आयोडीनचेही आयोडाइड करून टाकते आणि रंग येतच नाही. म्हणून या प्रयोगात रंग न येणे हा कशाचाच पुरावा नव्हे. एखाद्या दुकानदाराला त्यावरून दोष देणे हा तर अन्याय आहे.

बरोबर रीत अशी: मीठ थोड्या पाण्यात विरघळवावे, त्यात भाताच्या पेजेची निवळी, पोटॅशियम आयोडाइडचे काही थेंब आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब घालावेत. आम्लाचे काम शिक्षकांनी करावे. आता आयोडेट आणि आयोडाइड यांच्यात अभिक्रिया होऊन आयोडीन मोकळे होते. मिठातल्या प्रत्येक आयोडीन अणूमागे सहा अणू बाहेर पडतात, पाच आयोडाइडमधले आणि एक मिठातला. म्हणून अगदी थोडे आयोडीनही दिसते. शेजारी आयोडीन न घातलेले खडे मीठ घेऊन हीच कृती जरूर करावी. तेही निळे झाले तर दोष पोटॅशियम आयोडाइडच्या जुन्या बाटलीचा समजावा.

प्रमाणाचा हिशोब येथेही सुंदर आहे. घरी पोचलेल्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरजही १५० मायक्रोग्रॅमच आहे. इतक्या अल्प पदार्थासाठी १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू करावा लागला. गरोदरपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ही गोष्ट 'उपयोग: गलगंडावर' या ओळीत मावत नाही.

यादीतला धोका

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या ओळखीच्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईत न्हाणीघराच्या फरशीवर आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग निघेनात म्हणून वरून फरशी धुण्याचे ॲसिड ओतले. दार लोटलेले होते. घासायला बसलेल्या बाईंचा श्वास कोंडला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. त्या वेळीच बाहेर आल्या म्हणून निभावले. घरातला मुलगा दहावी उत्तम गुणांनी पास झालेला होता. ब्लीचिंग पावडरचे उपयोग त्याला तोंडपाठ होते. हायड्रोक्लोरिक आम्लाचेही होते. पण ती दोन उत्तरे दोन वेगळ्या पाठांतली होती.

कॅल्शियम हायपोक्लोराइट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + क्लोरीन

हा क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. तो जमिनीलगत साचतो, आणि घासणारी व्यक्ती नेमकी तेथेच उकिडवी बसलेली असते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच जड वायू वाऱ्यावर सोडला आणि तो खंदकांत उतरला. त्याच महायुद्धात हॉरॉक्स यांची पेटी त्याच क्लोरीनने सैनिकांचे पाणी राखीत होती.

प्रत्येक वर्गात फळ्यावर हे मोठ्या अक्षरांत लिहिले जावे, असे आम्हाला वाटते: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि कोणतेही ॲसिड कधीही एकत्र करू नये. चुकून झालेच तर घासत बसू नये, दारे उघडून ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. आणि हा प्रयोग म्हणून वर्गात करून दाखवू नये.

आक्षेप आणि सूचना

शिक्षकमित्र म्हणतील, वेळ कोठे आहे? परीक्षेत तर अवस्था आणि क्रमच विचारतात. हा आक्षेप खरा आहे. आम्हीही त्याच वेळापत्रकात अडकलेले आहोत. पण नववीतला विरंजक चूर्णाचा तास आणि दहावीतला हॅलोजन कुलाचा तास तसाही घ्यावाच लागतो. त्या दोन तासांची दिशा बदलली तरी पुष्कळ साधेल.

नववीत पदार्थ शिकवताना फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट करावी आणि मीठ, टीसीएल, टेफ्लॉन यांत समान काय, हे विचारून ठेवावे. दहावीत त्या चौकटीकडे परत यावे आणि शिडी काढून प्रत्येक पदार्थ तिच्यावर बसवावा. प्रत्येक उपयोगापुढे दोन रकाने ठेवावेत: कोणत्या रूपात? आणि किती प्रमाणात? रकाना रिकामा राहिला तर तो उपयोग अजून कळलेला नाही असे समजावे. प्रयोगशाळा नसेल तरी चालेल. स्टार्च-आयोडाइडचे द्रावण, पांढरे कप आणि शाळेचा पाण्याचा हौद एवढे साहित्य पुरते. गावातील पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला एक दिवस वर्गात बोलवावे. टीसीएलविषयी त्यांना जे ठाऊक असते, ते आम्हाला पुष्कळदा ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे.

आणि पुस्तके पुढे बदलतील तेव्हा मंडळाच्या अभ्यासगटाने एवढे जरूर पाहावे: उपयोगांच्या यादीतील दोन ओळी कमी कराव्यात, पण उरलेल्या प्रत्येक ओळीला तिचे कारण आणि तिचा आकडा द्यावा.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. मागच्या बाकावरच्या मुलालाही सांगितले, की त्याचे उत्तर मिठासाठी चूक आहे, पण नळाच्या पाण्यासाठी बरोबर आहे. तो म्हणाला, "मग सर, दोन्ही प्रश्न परीक्षेत विचारा ना!"

आम्ही ते विचारणार आहोत. आपणही विचारून पाहावेत.